ब्रिटनमध्ये बालकुमार लेखनाचे एम.ए. : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

मुलांसाठी आणि कुमारवयीन वाचकांसाठी लेखन हा विषय ब्रिटनमधील काही विद्यापीठांत पदव्युत्तर स्तरावर शिकवला जातो. बाथ स्पा विद्यापीठात त्यासाठी स्वतंत्र एम.ए. आहे, तर मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठात सर्जनशील लेखनाच्या एम.ए.मध्ये बालकुमार लेखनाची शाखा निवडता येते. ब्रिटनमधील एम.ए. सामान्यतः १८० क्रेडिटचे असते आणि पूर्णवेळ केल्यास एका वर्षात, अर्धवेळ केल्यास सहसा दोन वर्षांत पूर्ण होते. बालसाहित्याचा इतिहास आणि समीक्षा शिकवणारे अभ्यासक्रम मात्र वेगळे असतात. नावे इतकी सारखी असतात की गल्लत सहज होते. म्हणून शेवटी प्रबंध सादर करायचा आहे की स्वतःच्या पुस्तकाचे हस्तलिखित, हे आधी पाहून घ्यावे.

पात्रतेची अट ऐकून वाटते तेवढी कडक नसते. कोणत्याही विषयातील चांगल्या श्रेणीची पदवी सहसा पुरते. इंग्रजी साहित्यच हवे असे नाही, आणि पदवीची बाजू कमकुवत असली तरी लेखनाचा किंवा मुलांबरोबरच्या कामाचा अनुभव अनेक ठिकाणी विचारात घेतला जातो. पुस्तक प्रकाशित झालेले असणे आवश्यक नसते. निर्णय मुख्यतः लेखनाच्या नमुन्यावर होतो, आणि अर्जदार नेमका त्यालाच सर्वांत कमी वेळ देतात.

नमुना किती शब्दांचा हवा, हे प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवते. दोन-तीन हजार शब्दांची मागणी नेहमीची आहे. मर्यादा ओलांडू नये. नमुना कोणत्या वयाच्या वाचकासाठी आहे, हे पहिल्याच पानावर एका ओळीत लिहावे, कारण या क्षेत्रात वयोगट म्हणजेच साहित्यप्रकार. चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचे असते आणि त्यातला मजकूर कित्येकदा पाचशे शब्दांच्या आसपास आटोपतो. ८ ते १२ वयासाठीच्या कादंबरीचा बाज निराळा, आणि बारा वर्षांपुढच्या वाचकांसाठीच्या कादंबरीचा त्याहून निराळा. चित्रपुस्तकाचा मजकूर पाठवायचा असल्यास तो संपूर्ण पाठवावा आणि शब्द उरत असतील तर दुसरा जोडावा. चित्रे काढून जोडण्याची गरज नसते.

नमुन्यातील सर्वांत मोठी चूक दृष्टिकोनाची असते. ‘त्या निरागस वयात आम्हाला जगाची काय कल्पना!’ असे वाक्य आले की कथा मुलाची राहत नाही, ती मोठ्या माणसाची आठवण होते. याउलट, थोरल्या भावाचे जुने बूट घालून शाळेत निघालेली नऊ वर्षांची मुलगी बुटाच्या टोकाशी कागदाचा बोळा कोंबते आणि प्रार्थनेच्या वेळी तो बोळा अंगठ्याने मागे-पुढे करत राहते, एवढ्या तपशिलाने वय, घरची परिस्थिती आणि लाज या तिन्ही गोष्टी न सांगता कळतात. परीक्षकाला हेच पाहायचे असते. तात्पर्य सांगणारा शेवटचा परिच्छेद असेल तर तो काढून टाकावा. बहुतेक वेळा कथेचे काही बिघडत नाही. नमुना इंग्रजीत लागतो. आधी मराठीत लिहिलेली कथा स्वतः इंग्रजीत आणली असेल, तर तसे स्पष्ट नमूद करावे आणि भाषांतरित लेखन चालते का, हे विभागाला आधीच ईमेलने विचारावे.

पर्सनल स्टेटमेंटमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या स्वतःविषयीच्या निवेदनात, ‘मला लहानपणापासून वाचनाची आवड आहे’ हे वाक्य टाळावे. ते प्रत्येकाच्याच अर्जात असते. त्याऐवजी कोणत्या वयासाठी लिहायचे आहे, काय लिहून झाले आहे, कुठे अडते आहे आणि गेल्या काही वर्षांत आलेली कोणती बालकुमार पुस्तके वाचली, हे नेमकेपणाने लिहावे. शिफारसपत्रे बहुधा एक किंवा दोन लागतात. पदवी घेऊन बरीच वर्षे झाली असल्यास प्राध्यापकांऐवजी संपादक किंवा नोकरीतील वरिष्ठ चालतील का, हे विचारून घ्यावे.

यांशिवाय पदवी प्रमाणपत्र, सर्व वर्षांच्या गुणपत्रिका किंवा ट्रान्स्क्रिप्ट, पासपोर्टची प्रत, सीव्ही आणि इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल लागतो. आयईएल्‌टीएसचा निकाल दोन वर्षे ग्राह्य धरला जातो; लेखनाच्या अभ्यासक्रमांना, विशेषतः परीक्षेच्या लेखन विभागात, वरचे गुण मागितले जाण्याची शक्यता असते. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि पासपोर्टवर शेवटी, किंवा लग्नानंतर नाव बदललेले, अशी तफावत असल्यास तिचा पुरावा आधीच जोडावा.

पदव्युत्तर अर्ज बहुधा विद्यापीठाच्या स्वतःच्या ऑनलाइन प्रणालीतून भरायचा असतो. काही विभाग त्यानंतर व्हिडिओवर मुलाखत घेतात आणि तीत बहुतांशी पाठवलेल्या नमुन्यावरच बोलणे होते. ऑफर स्वीकारून, मागितली असल्यास अनामत रक्कम भरल्यावर विद्यापीठ ‘कॅस’ (प्रवेश निश्चित झाल्याची अधिकृत नोंद) देते आणि त्याच्या क्रमांकाशिवाय स्टुडंट व्हिसाचा अर्ज करता येत नाही. ब्रिटनबाहेरून हा अर्ज अभ्यासक्रम सुरू होण्याच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो. उरलेली फी आणि राहण्याचा खर्च भागेल एवढी रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते, आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेआधीच्या ३१ दिवसांतला असावा लागतो. एक दिवस जरी शिल्लक मर्यादेखाली गेली तरी मोजणी पुन्हा सुरू होते. सहा महिन्यांहून अधिक मुक्कामासाठी भारतात राहणाऱ्यांना मान्यताप्राप्त केंद्रातून क्षयरोग तपासणीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. जानेवारी २०२४ पासून सुरू झालेल्या अशा एम.ए.साठी जोडीदाराला किंवा मुलांना अवलंबित म्हणून सहसा बरोबर नेता येत नाही. ज्यांना घर सोडून जाणे शक्य नाही, त्यांनी अभ्यासक्रम पूर्णपणे ऑनलाइन उपलब्ध आहे का, हे पाहावे. त्यासाठी व्हिसा लागत नाही, मात्र लेखनाचा नमुना तितक्याच काटेकोरपणे तपासला जातो.