यादीत नाव कुणाचं? बायका, तरुण आणि सोलापूरचं मतदान

मतदानाच्या दिवशी दर दोन तासांनी केंद्रावरून आकडा वर कळवला जातो: पुरुष इतके, स्त्रिया इतक्या. वयाचा रकाना त्यात नसतो. आणि कुणी कुणाला मत दिलं हे तर गुप्तच. त्यामुळे 'बायकांची मतं अमक्याला गेली', 'तरुण तमक्याकडे वळले' असं जे ऐकू येतं, ते लोकनीती-सीएसडीएससारख्या संस्थांच्या पाहण्यांवर आधारलेलं असतं, नाहीतर नुसत्या अंदाजावर. मला त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. यादीत नाव कुणाचं आलं, आणि कधी?

मुंबई प्रांताच्या कायदेमंडळाने स्त्रियांना मताधिकार दिला १९२१ साली, पण अट मालमत्तेची. १९३५च्या कायद्याने दार थोडं रुंद केलं. मालमत्ता, शिक्षण किंवा मालमत्ताधारकाची बायको असणं, यांतलं काहीतरी लागायचं. सोलापूरच्या गिरण्यांत राबणाऱ्या बहुतेक बायांकडे यांतलं काहीच नव्हतं.

१९५१-५२ला एकवीस वर्षांवरच्या सगळ्यांना मत मिळालं. तेव्हा देशभरात सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गाळावी लागली. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच त्यांनी सांगितलं होतं, आणि स्वतःच्या नावाशिवाय नोंद ठेवायची नाही असं मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं. हा प्रकार मुख्यतः उत्तरेकडचा. त्या एका निवडणुकीपुरतं ते नुकसानच होतं, तरी निर्णय योग्य होता असं मी म्हणेन. १९६२मध्ये देशात पुरुषांचं मतदान ६३ टक्क्यांच्या वर होतं, स्त्रियांचं जेमतेम ४७. ही दरी भरायला २०१९ उजाडलं: स्त्रिया ६७.१८ टक्के, पुरुष ६७.०१.

मधल्या काळात सोलापुरात काय घडलं ते विडी कामगार बायांकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. गिरण्यांचे भोंगे थांबत गेले, यंत्रमागावर पुरुष, आणि घराघरांत मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बाया, त्यांतल्या कितीतरी तेलुगू बोलणाऱ्या. १९६६च्या विडी कामगार कायद्यानंतर ओळखपत्र आणि भविष्यनिर्वाह निधी ही मागणी उभी राहिली. कार्ड बाईच्या नावावर, कारण काम तिचं. पुढे सोलापूरजवळच्या कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत झाली, तीही विडी कामगार बायांसाठी. या चळवळीतले नरसय्या आडम १९७८, १९९५ आणि २००४ असे तीनदा आमदार झाले. ज्या बाईने मोर्चात स्वतःच्या नावाने घर मागितलं, ती मताच्या दिवशी घरच्यांना विचारूनच बटण दाबते असं मी तरी मानणार नाही.

महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत बायकांसाठी ५० टक्के जागा २०११पासून. लोकसभेला सोलापूरची पहिली महिला खासदार मात्र थेट २०२४ला, प्रणिती शिंदे. त्यांच्या आई उज्ज्वला शिंदे २००४मध्ये याच मतदारसंघात हरल्या होत्या.

वयाची गोष्ट त्यामानाने छोटी. ६१व्या घटनादुरुस्तीने २८ मार्च १९८९पासून एकविसाऐवजी अठराव्या वर्षी मत मिळालं. आता वर्षातून चार तारखांना नाव नोंदवण्याची पात्रता धरतात, पूर्वी १ जानेवारी ही एकच होती. पण सोलापूरच्या पोराचं नाव गावात आणि नोकरी पुण्यात असली, तर मताला यायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि एक खाडा. म्हाताऱ्यांची अडचण वेगळी. २०२४ला इथलं मतदान ७ मेला होतं, आणि सोलापूरचा मे म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. त्या वेळी ८५ वर्षांवरच्यांना घरी बसून मत देण्याची सोय होती. ऐंशीच्या आजीला मात्र उन्हातच जावं लागलं.

त्याच वर्षी लाडकी बहीण योजना आली, वय २१ ते ६५. म्हणजे एकोणीस वर्षांच्या मुलीला मत आहे, महिन्याचे पंधराशे नाहीत, आणि सत्तरीच्या आजीचंही तेच. पैशांमुळे बायका मत देतात असं सरसकट बोलणाऱ्यांनी या दोघींकडे जरा पाहावं.

आणि लग्न. मुलगी सासरी गेली की नाव माहेरच्या यादीतून काढून इकडे आणायचं, फॉर्म भरायचा. बार्शीची मुलगी सोलापुरात नांदायला आली, तर जिल्हा तोच, पण लोकसभेचा मतदारसंघ बदलतो, कारण बार्शी उस्मानाबादला जोडलेली आहे. फॉर्म भरायचा राहिला, तर मताच्या दिवशी ती सोलापुरात आणि तिची मतदार चिठ्ठी बार्शीत.