आयडीई की साटा? जुनी हार्ड डिस्क जोडण्याआधी

कमी पैशांत डेस्कटॉप असेंबल करायला घेतला की कपाटातून एखादी जुनी हार्ड डिस्क हमखास बाहेर येते. "चालतेय ना, मग हीच लावू" असं म्हणत ती मदरबोर्डजवळ नेली, की कळतं तिची केबल लावायला बोर्डावर जागाच नाही. आयडीई आणि साटा म्हणजे डिस्क बोर्डाला जोडायच्या दोन पद्धती, पहिली जुनी, दुसरी नवी. डिस्क आयडीई आणि बोर्ड साटाचा. दोन्ही साडेतीन इंची, वजनाला आणि वरून दिसायलाही जवळपास सारख्या, म्हणून गोंधळ होतो. ओळखायची ती मागच्या बाजूने.

आयडीईच्या मागे बारीक पिनांच्या दोन ओळी असतात. जागा ४०, पण मधली एक पिन मुद्दाम गाळलेली, केबल उलटी बसू नये म्हणून. शेजारी विजेसाठी चार जाड पिनांचं मोलेक्स, आणि दोघांच्या मध्ये जम्पर, म्हणजे दोन पिना एकमेकींना जोडणारी इवलीशी टोपी. साटाला अशा उघड्या पिनांच्या रांगा नसतात. एल आकाराच्या दोन चपट्या जागा असतात: लहान ती डेटाची, मोठी ती विजेची. बस्स.

आयडीईची केबल म्हणजे ती रुंद, करड्या रंगाची पट्टी. तिच्यातून एका वेळी १६ बिट शेजारी शेजारी धावतात. लेझीमच्या पथकात सोळा जणांची आडवी ओळ असावी तसं. हलगीचा ठेका वाढत गेला की कुणाचं तरी पाऊल चुकणारच. म्हणून वेग वाढवताना ४० तारांच्या पट्टीत आणखी ४० तारा घातल्या. त्या डेटा नेत नाहीत, सगळ्या ग्राउंडच्या असतात आणि शेजारच्या तारांचा एकमेकींना होणारा त्रास थोपवतात. तरीही गाडी सेकंदाला १३३ मेगाबाइटवर थांबली. साटाने ओळच मोडली आणि बिट एकामागे एक पळवले. पहिल्याच पिढीत १५० मेगाबाइट, पुढे ३०० आणि ६००. फिरत्या तबकडीची जुनी डिस्क यातला कुठलाच वरचा आकडा गाठत नाही, त्यामुळे जुनी साटा डिस्क नव्या बोर्डावर लावताना वेगाची चिंता नको. पिढ्या एकमेकींशी जुळवून घेतात.

खरा वेळ जातो तो आयडीईच्या जम्परमध्ये. एका पट्टीवर दोन डिस्क बसतात, म्हणून एक मास्टर, दुसरी स्लेव्ह असं ठरवावं लागतं. बहिणीच्या लग्नाचे फोटो असलेली ४० जीबीची डिस्क मी एका जुन्या बोर्डावर दुसऱ्या डिस्कच्या जोडीला लावली, तर बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना दिसणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, दोन्ही गायब. तासभर केबल काढ-घाल केली. शेवटी टॉर्च धरून लेबलवरचं बारीक चित्र पाहिलं, तर दोन्ही मास्टरवर होत्या. भुवयांच्या चिमट्याने तो दाण्याएवढा जम्पर दोन पिना सरकवला आणि दोन्ही नावं स्क्रीनवर आली. तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो. साटात ही भानगडच नाही, एका केबलला एकच डिस्क.

केबलच्या कडेची लाल रेघ म्हणजे एक नंबरची पिन, आणि ती बहुतेक डिस्कवर विजेच्या तोंडाकडे येते. ८० तारांच्या केबलचं निळं टोक बोर्डाकडे, काळं मास्टरला, मधलं करडं स्लेव्हला.

इंटेलने २००६ च्या सुमारास चिपसेटमधूनच, म्हणजे बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपमधूनच, आयडीई काढून टाकलं. त्यानंतर काही वर्षं बोर्ड बनवणारे वेगळी चिप लावून एखादी आयडीई जागा देत राहिले, मग तेही थांबलं. म्हणून माझं स्पष्ट मत: आयडीई डिस्क नव्या कॉम्प्युटरमध्ये कायमची बसवू नका. आयडीईपासून यूएसबीचा अ‍ॅडॉप्टर घ्या, त्यातला डेटा एकदा उतरवून घ्या आणि तिला विश्रांती द्या. अ‍ॅडॉप्टरसोबत विजेचा वेगळा चार्जर हवाच, कारण साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात आणि साध्या यूएसबीतून ५ च मिळतात. तिच्यावरच्या जुन्या विंडोजने नवा कॉम्प्युटर सुरू करायचा हट्टही नको.

साटाची जुनी डिस्क मात्र दुसरी डिस्क म्हणून खुशाल लावा, फक्त विंडोज छोट्या एसएसडीवर (फिरती तबकडी नसलेल्या, चिपवर डेटा ठेवणाऱ्या वेगवान डिस्कवर) ठेवा आणि महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत दुसरीकडेही असू द्या. एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) जुना असेल आणि त्याला साटाची वायर नसेल, तर मोलेक्स ते साटा जोडणी मिळते. ती घेताना साटाच्या टोकाकडे नीट पाहा. तारा प्लॅस्टिकमध्ये ओतून एकसंध केलेल्या असतील तर घेऊ नका. आत तारा एकमेकींना टेकून ते टोक वितळल्याच्या, जळाल्याच्या घटना घडल्या आहेत. मागचं झाकण निघतं आणि प्रत्येक तार आपापल्या खाचेत दाबलेली दिसते, तशीच मागून घ्या.