येरवड्याचे मैदान ते लोहगावची १०/२८: वाऱ्यावरून धावपट्टी ठरवण्याची पार्श्वभूमी

जुहूचा विमानतळ पावसाळ्यात पाण्याखाली जाई, म्हणून १९३०च्या दशकात टाटांची टपाल विमाने पावसापुरती पुण्याला हलत. इथला विमानतळ म्हणजे येरवडा तुरुंगाच्या सावलीतले एक मैदान. धावपट्टीच नव्हती, त्यामुळे ती निवडायचा प्रश्न नव्हता. वारा जिकडून येतोय तिकडे नाक करायचे आणि निघायचे. आज लोहगावला २,५३५ मीटरची धावपट्टी आहे आणि निवड दोन टोकांपुरती उरली आहे: पूर्वेकडे तोंड केले तर १०, पश्चिमेकडे केले तर २८. हे आकडे म्हणजे होकायंत्रावरचे अंश, शेवटचे शून्य गाळून.

वारा पाहून पाठ फिरवावी, असे आपल्याकडे म्हणतात. विमानाचे नेमके उलटे आहे. पंखाला जमिनीचा वेग कळत नाही, त्याला अंगावरून जाणारी हवा तेवढी कळते. समजा, एखादे विमान हवेच्या १४० नॉट वेगाला उचलते (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर). समोरून १४ नॉट वारा असेल तर जमिनीवर १२६ नॉट गाठले की पुरे. तेच पाठीमागून १० नॉट असेल तर १५० लागतात. धावण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या हिशोबाने वाढते, म्हणजे या दोन दिशांत सुमारे ४० टक्क्यांचा फरक पडतो. त्यात लोहगाव समुद्रसपाटीपासून ५९२ मीटर उंच. एप्रिलच्या दुपारी पारा ४० अंशांवर गेला की इथली हवा ५,४०० फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते आणि लागणारा वेग आणखी सातआठ टक्क्यांनी वाढतो. अशा वेळी पाठचा वारा परवडत नाही.

राइट बंधूंनी जागा निवडली तीच वाऱ्यासाठी. अमेरिकेच्या हवामान खात्याकडून वाऱ्यांची माहिती मागवून ते किटी हॉकला गेले. १७ डिसेंबर १९०३ रोजी ताशी वीस मैलांहून अधिक वेगाचा वारा समोरून घेत पहिले उड्डाण झाले: १२ सेकंद, १२० फूट. त्याच दिवशी चौथ्या उड्डाणानंतर एका झोताने उभे विमान उलथून मोडले, हेही लक्षात ठेवावे. पुढच्या वर्षी डेटनजवळच्या हफमन प्रेअरीवर वारा मंद होता. विमान लाकडी रुळावरून सुटत असे. वारा फिरला की तो रूळ उचलून नव्या दिशेला मांडायचा, आणि मांडून होईपर्यंत वारा पुन्हा फिरायचा. शेवटी त्यांनी मनोऱ्यावरून वजन खाली सोडून विमानाला ओढ देणारी यंत्रणा उभी केली, तेव्हा कुठे वाऱ्याची मिनतवारी कमी झाली.

त्यानंतरची काही दशके मैदानांची. शेपटीला चाक किंवा लाकडी घसरण असलेली ती विमाने आडव्या वाऱ्याला फार हळवी होती. टेकताना नाक जरा तिरके राहिले की शेपूट पुढे धावायला बघे आणि विमान गरकन फिरे. म्हणून मैदान शक्यतो सगळीकडून मोकळे ठेवायचे आणि वाऱ्याची दिशा वरून दिसेल अशी खूण करायची. जमिनीवरचा पांढरा ‘टी’ त्याच काळातला: उभ्या दांड्याला समांतर, आडव्या दांडीकडे तोंड करून उतरायचे. विंडसॉक, म्हणजे खांबावरची वाऱ्याने फुगणारी कापडी नळी, मात्र अजून टिकून आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तो किमान ३.६ मीटर लांब आणि मोठ्या तोंडाशी ०.९ मीटर व्यासाचा असावा. दोन रंग वापरले तर पाच पट्टे, पहिला आणि शेवटचा गडद. बरेचसे सॉक १५ नॉटला पूर्ण ताठ होतात, त्यामुळे एकेक पट्टा उचलला की तीन-तीन नॉट असा अंदाज बांधता येतो. पण सॉकही फसवतो. पावसात भिजलेले कापड जड होऊन वारा असतानाही लोंबत राहते, बेअरिंग गंजले की जुनीच दिशा दाखवते, आणि हँगरच्या आडोशाला लावलेला सॉक भोवऱ्यात गोल फिरतो.

दुसऱ्या महायुद्धाने मैदानांचा काळ संपवला. बॉम्बफेकी विमानांची चाके ओल्या गवतात रुतू लागली, पक्की धावपट्टी हवी झाली, आणि पक्की धावपट्टी वाऱ्याबरोबर फिरवता येत नाही. यावर ब्रिटिश हवाई दलाचा तोडगा म्हणजे इंग्रजी ‘ए’च्या आकाराच्या तीन धावपट्ट्या, एकमेकींना साधारण ६० अंशांत. मुख्य २,००० यार्डांची आणि शक्यतो नेहमीच्या वाऱ्याच्या दिशेत, इतर दोन १,४०० यार्डांच्या. लोहगावचा तळ १९३९चा. तिथेही १०/२८ ला ४० अंशांत छेदणारी सुमारे १,८०० मीटरची १४/३२ आखलेली आहे, पण प्रवासी विमानांची ये-जा १०/२८ वरच चालते. कारण सरळ आहे. नाकाखाली चाक असलेली विमाने आली, वजन वाढले, आडवा वारा पेलण्याची ताकद वाढली आणि लांबीची गरजही वाढली. तीन आखूड धावपट्ट्यांपेक्षा एक लांब बरी, हे गणित जगभर झाले.

मग ती एक कोणत्या दिशेला टाकायची? इथे पुण्याचा संबंध येतो. हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक अजून सिमला ऑफिसच म्हणतात. वारा मोजायची उपकरणे इथल्याच उपकरण विभागात घडली. १९४८ मध्ये तिथे रुजू झालेल्या अण्णा मणी यांनी शंभरेक हवामान उपकरणांची रेखाचित्रे प्रमाणित करून घेतली. वाऱ्याची दिशा दाखवणारा वातकुक्कुट आणि तीन वाट्यांचा वेगमापक १० मीटरच्या खांबावर ठेवायचा, दिवसातून किमान आठ नोंदी, शक्यतो पाच वर्षांहून जास्त काळ. या नोंदींची चक्राकार आकृती, म्हणजे विंड रोझ, काढायची. तिच्यावर धावपट्टीच्या दिशेची पारदर्शक पट्टी फिरवत न्यायची. ज्या कोनात ९५ टक्के वेळ आडवा वारा मर्यादेत राहतो, तो कोन निवडायचा. मोठ्या विमानांसाठी ही मर्यादा २० नॉट, छोट्या धावपट्टीसाठी १३ किंवा १०.

पुण्याचा वारा या बाबतीत शहाणा आहे. जून ते सप्टेंबर तो पश्चिमेकडून येतो, उन्हाळ्यात दुपार कलली की घाट चढून आलेला खारा वारा पुन्हा पश्चिमेचाच. म्हणून त्या दिवसांत २८: वाघोलीकडून उतरायचे, धानोरी-कळसकडे सुटायचे. हिवाळ्यात सकाळी वारा जवळजवळ पडलेला किंवा पूर्वेचा हलका असतो, तेव्हा निर्णय वाऱ्यापेक्षा उपकरणांची सोय आणि वाहतूक यांवर होतो.

हिशोब कसा करतात? वारा २४० अंशांवरून १८ नॉट, धावपट्टी २८. फरक ४० अंश. समोरचा भाग १४ नॉट, आडवा १२. डोक्यात करायचे तर घड्याळ आठवावे: १५ मिनिटे म्हणजे पाव, ३० म्हणजे अर्धा, ४० म्हणजे दोनतृतीयांश. अंशांनाही तेच लावायचे. आडवा वारा १८चा दोनतृतीयांश, १२. टॉवर सांगतो तो वारा दोन मिनिटांची सरासरी असतो, हवामान अहवालातला दहा मिनिटांची. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर कोणी चुकलेले नसते. धावपट्टी पुरेल का याचे गणित करताना समोरचा वारा निम्माच धरायचा आणि पाठचा दीडपट. हा भित्रेपणा नियमातच लिहिलेला आहे, आणि तो योग्यच आहे.

पाठच्या वाऱ्याची सर्वसाधारण मर्यादा १० नॉट, काही विमानांना १५. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोडेला, तिथेही धावपट्टी १०/२८च, पहिला प्रयत्न २८ वर फसल्यावर विमान १० वर उतरले. पावसात, १४ नॉट वारा पाठीशी, २,७०० मीटरपैकी १,३५० मीटर मागे पडल्यावर चाके टेकली. धावपट्टी संपली तरी विमान थांबले नाही. २१ जण गेले.

पुण्यात खरी कसोटी वळवाच्या दिवशी लागते. एप्रिल-मेमध्ये दुपारी ढग पूर्वेकडून चढतात. त्यांच्यातून खाली कोसळलेली थंड हवा जमिनीला लागून पुढे धावते आणि पश्चिमेचा ८ नॉट वारा पाच मिनिटांत पूर्वेचा २५ होऊ शकतो. २८ वर रांगेत आलेल्या विमानांना तेव्हा लगेच १० देऊन भागत नाही: सगळी रांग वळसा घालून पश्चिमेकडे न्यावी लागते, आणि तोवर वारा पुन्हा पडलेला असतो. म्हणून बहुतेक वेळा विमानांना वरच घिरट्या घालायला लावतात आणि झोत ओसरेपर्यंत थांबतात. धूळ बसली, दोन मिनिटांची सरासरी स्थिरावली, की बहुधा पुन्हा २८च.