वीज दर जनसुनावणी

वीज कंपनीने मागितलेल्या दरांवर ग्राहकांचे म्हणणे उघडपणे ऐकून घेण्याची नियामक आयोगाची पद्धत. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग १९९९ मध्ये स्थापन झाला. अध्यक्ष आणि सदस्य मिळून तिघांच्या या आयोगाला कोणी निवडून देत नाही, तरी घरोघरीच्या बिलाचा दर तोच ठरवतो. हा अधिकार लोकांनी का मानावा, याचे उत्तर बऱ्याच अंशी सुनावणीत शोधावे लागते.

विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ६४ नुसार कंपनीने आपला दरप्रस्ताव थोडक्यात प्रसिद्ध करायचा आणि आयोगाने लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊन १२० दिवसांत आदेश द्यायचा. कलम ८६(३) कारभार पारदर्शक ठेवण्याचे बंधन घालते, तर कलम ९४(३) नुसार आयोग ग्राहकांची बाजू मांडायला प्रतिनिधी नेमू शकतो. महाराष्ट्रात पुण्याच्या प्रयास संस्थेने हे काम दीर्घकाळ केले आहे. आदेश अमान्य असल्यास अपिलीय न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते.

कोल्हापूर जिल्ह्यात हा विषय केवळ कायद्याचा राहत नाही. पंचगंगा-भोगावतीकाठचा ऊस उपसा पाण्यावर उभा आहे, शिरोली आणि गोकुळ शिरगावात फाउंड्रीच्या भट्ट्या आहेत, इचलकरंजीत यंत्रमाग. वरवर पाहता शेतीपंपवाला आणि भट्टीवाला एकमेकांविरुद्ध उभे असायला हवेत, कारण शेतीच्या सवलतीचा काही भार उद्योगांच्या दरात येतो. पण दोघांच्या हरकतीत एक मुद्दा समान निघतो : शेतीपंपांचा खरा वापर मोजा. मीटर नसलेल्या पंपाला अश्वशक्तीवर बिल येते आणि त्याचे युनिट अंदाजाने धरले जातात. हा आकडा फुगला की गळती आणि चोरी त्याच्या आड लपते. मग शेतकऱ्याच्या नावावर न वापरलेली वीज चढते आणि कारखानदार तिचे पैसे भरतो. प्रताप होगाडे यांच्या नेतृत्वाखालील, इचलकरंजीतून चालणाऱ्या महाराष्ट्र वीज ग्राहक संघटनेने हा मुद्दा वर्षानुवर्षे लावून धरला. शेतकरी कामगार पक्षाचे नेते एन. डी. पाटील यांनीही शेतीपंपांच्या बिलांसाठी लढे दिले.

हरकतीचे वजन सभागृहातल्या गर्दीवरून कळत नाही. ते आदेशात पाहावे. तिथे ग्राहकाची हरकत, महावितरणचे उत्तर आणि आयोगाचा निर्णय असा क्रम असतो. ‘नोंद घेतली’ एवढ्यावर विषय मिटवला असेल, तर बोलणाऱ्याची एसटी फुकट गेली म्हणायची. कोल्हापूरकराला सुनावणीसाठी पुणे गाठावे लागते आणि ते सुमारे २३० किलोमीटरवर आहे. शिवाय कंपनीच्या दरप्रस्तावाची शेकडो पानांची इंग्रजी याचिका वाचून आकड्याला आकड्याने उत्तर देणारे मोजकेच असतात. ऑनलाइन सुनावणीने प्रवास वाचवला. आकडेवारी कळायची अडचण मात्र तशीच राहिली.

ऐकून घेण्याचा हा प्रश्न २०२५ मध्ये पुन्हा तापला. २८ मार्चच्या बहुवर्षीय दर आदेशाला काही दिवसांतच स्थगिती मिळाली. महावितरणच्या फेरविचार याचिकेवर २५ जूनला आलेल्या आदेशाने दर बदलले आणि नव्याने जनसुनावणी न घेताच हे झाले, अशी ग्राहकांची तक्रार राहिली.

चुकीच्या बिलाची किंवा तुटलेल्या जोडणीची तक्रार या सुनावणीत बसत नाही. तिच्यासाठी ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल अशी वेगळी वाट आहे. तरीही बरेच जण बिल हातात घेऊनच सुनावणीला येतात.