'आक्वा'चं कुठे 'आप', कुठे 'ओ'

रोमानियन भाषेत पाण्याला 'आप' म्हणतात, शेवटचा 'अ' स्पष्ट उच्चारून. संस्कृतातलं 'आप' ठाऊक असलेल्या मराठी माणसाला वाटतं, सापडलं नातं! पण हा 'प' रोमानियनने स्वतः घडवलेला आहे. मूळ शब्द लॅटिन 'आक्वा'. 'क्व' म्हणताना जिभेची मागची बाजू वर टेकते आणि ओठ गोल होतात. रोमानियनने ओठांचं काम ठेवलं, जिभेचं सोडलं, झाला 'प'. तसंच लॅटिन 'एक्वा' म्हणजे घोडी तिथे 'याप' झाली आणि 'क्वात्तुओर' म्हणजे चार 'पात्रु'. दोन शब्द सारखे दिसले म्हणून नातं ठरत नाही. तोच बदल इतर शब्दांतही सापडला पाहिजे.

फ्रेंचने त्याच 'आक्वा'चा एकच स्वर उरवला: 'ओ'.

खरी गंमत 'क्त' या जोडाक्षरात आहे. लॅटिन 'नोक्तेम' (रात्र), 'लाक्तेम' (दूध), 'ऑक्तो' (आठ) घ्या. रोमानियनमध्ये ते 'नोआप्ते', 'लाप्ते', 'ऑप्त' झाले. 'क'च्या जागी सरसकट 'प'. फ्रेंचमध्ये हाच 'क' मऊ होत 'य'सारखा झाला, आधीच्या स्वरात मिसळला आणि पुढे शेवटची व्यंजनंही बरीचशी गळाली. म्हणून 'न्युई' आणि 'ले'. 'उईत'मधला 'त' तेवढा टिकला. आपल्याकडे संस्कृत 'भक्त' (शिजवलेलं अन्न) प्राकृतात 'भत्त' आणि मराठीत 'भात' झालं. जोडाक्षर तेच, वाटा तीन.

यातल्या लॅटिनच्या दोन वाटा फुटल्या त्या काळाच्या आणि स्थळाच्या अंतरामुळे. रोमन सेनापती सीझरने इ.स.पू. 58 ते 50 या काळात गॉल (आजचा फ्रान्स आणि आसपासचा प्रदेश) जिंकलं, सम्राट ट्राजनने डेशिया (आजच्या रोमानियाचा बराचसा भाग) इ.स. 106 मध्ये. डेशियातून रोमन सैन्य तिसऱ्या शतकातच माघारी गेलं. गॉलमध्ये बोली इतकी बदलली, की 813 साली तिथल्या तूर शहरात भरलेल्या ख्रिस्ती धर्मसभेला प्रवचनं लॅटिनऐवजी लोकांच्या बोलीत द्या, असं सांगावं लागलं.

अर्थही बदलले. लॅटिन 'पाविमेंतुम' म्हणजे फरसबंदी. रोमानियन 'पमंत' म्हणजे जमीन, माती. 'वेतेरानुस' म्हणजे मुरलेला, जुना सैनिक. त्याचा 'बत्रन' झाला, म्हणजे साधा म्हातारा.

तद्भवांशेजारी तत्समही आले. फ्रेंचमध्ये लॅटिन 'फ्राजिलिस'चा झिजून 'फ्रेल' (नाजूक) झाला आणि पुढे विद्वानांनी ग्रंथांतून 'फ्राजील' पुन्हा उचलला. रोमानियनने एकोणिसाव्या शतकात फ्रेंचमधून हजारो शब्द घेतले. आज तिथे म्हातारा तो 'बत्रन', माजी सैनिक तो 'वेतेरान', आणि म्हातारा माजी सैनिक म्हणायचं तर दोन्ही शब्द एकत्र लागतात.