एचआयव्ही आणि परिचारिकांचे उंबरठ्यावरचे संशोधन

सामुदायिक आरोग्य शिकणाऱ्या विद्यार्थिनीला गृहभेटीसाठी पाठवण्याआधी आम्ही तिच्याकडून सर्वांत आधी घटवून घेतो ती पिशवीची शिस्त. घरात गेल्यावर स्वच्छ जागा पाहून वर्तमानपत्राचा कागद अंथरायचा, त्यावर पिशवी ठेवायची, साबण आणि टॉवेल काढून हात धुवायचे आणि मगच आतले बाकीचे साहित्य बाहेर काढायचे. एका घरातले जंतू पिशवीच्या बुडाला लागून दुसऱ्या घरात जाऊ नयेत, एवढाच त्यामागचा हेतू. काही वर्षांपूर्वी इंदूरच्या देवास नाक्यापलीकडच्या एका वस्तीत, जिथे बुऱ्हाणपूर आणि खानदेशाकडून आलेली बरीच मराठी कुटुंबे राहतात, माझ्या एका विद्यार्थिनीने असाच कागद अंथरला. त्या घरातली बाई एचआयव्हीसह जगत होती आणि ही गोष्ट तिनेच विश्वासाने आमच्या कानावर घातली होती. कागदाकडे पाहत ती हळूच म्हणाली, "माझ्या फरशीचाही विटाळ होतो का हो, सिस्टर?" विद्यार्थिनीला काय बोलावे ते सुचेना. मी कागदाचे कारण सांगितले, प्रत्येक घरी आम्ही तो अंथरतो हेही सांगितले. तिने मान हलवली, चहाही केला, पण पुढच्या भेटीच्या दिवशी दार उघडले नाही.

नर्सिंग महाविद्यालयांतील प्राध्यापक एचआयव्हीवर कसले संशोधन करणार, असा प्रश्न मला नातेवाइकांकडून नेहमी येतो. विषाणू शोधणे, औषध तयार करणे ही कामे प्रयोगशाळेची, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. पण त्या बाईने दार का उघडले नाही, तिच्यासारख्या किती जणी दार उघडत नाहीत आणि काय केले असता त्या उघडतील, या प्रश्नांची उत्तरे प्रयोगशाळेत मिळत नाहीत. ती मिळवण्याच्या पद्धती काटेकोर आहेत, त्यांत मोजमाप आहे, तुलना आहे, चूक शोधण्याची सोय आहे, आणि त्यांतील कित्येक पद्धती घडवण्यात परिचारिकांचा मोठा वाटा आहे.

औषधांच्या बाबतीत आज परिस्थिती किती पालटली आहे हे आधी सांगायला हवे. भारतात 1986 मध्ये चेन्नईत पहिले एचआयव्हीबाधित रुग्ण आढळले, तेव्हा उपचार असा नव्हताच. 2004 पासून सरकारी केंद्रांतून एआरटी, म्हणजे विषाणूची वाढ रोखणारी औषधे, मोफत मिळू लागली. इंदूरचे महाराजा यशवंतराव रुग्णालय, ज्याला सारे शहर एमवाय म्हणूनच ओळखते, तिथेही असे केंद्र आहे. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्राविर ही तीन औषधे आता एकाच गोळीत, दिवसातून एकदा घ्यायची असतात. ती नियमित घेतल्यास रक्तातील विषाणू इतके कमी होतात की तपासणीत ते सापडत नाहीत, आणि अशा व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. पार्टनर या नावाने युरोपात झालेल्या अभ्यासांत, ज्या जोडप्यांत एकाला एचआयव्ही होता आणि दुसऱ्याला नव्हता, त्यांचे निरोधाशिवायचे हजारो संबंध नोंदवले गेले. ज्याचे विषाणू दबलेले होते अशा जोडीदाराकडून झालेला संसर्ग एकही निघाला नाही. संसर्ग होण्याआधीच घ्यायच्या प्रतिबंधक औषधांतही मोठी झेप घेतली गेली आहे. 2024 मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडा येथील चाचणीचा निकाल आला, तेव्हा वर्षातून फक्त दोनदा लेनाकॅपाविरचे इंजेक्शन घेणाऱ्या 2,134 तरुण स्त्रियांपैकी एकीलाही एचआयव्हीची लागण झालेली नव्हती.

इतके सारे हाताशी असूनही भारतात सुमारे 25 लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि त्यांतल्या सगळ्यांपर्यंत उपचार पोहोचलेला नाही. राहून गेलेले हे लोक कोण आहेत हे ओळखण्यासाठी जॅकलिन फ्लास्करुड आणि बेट्टी विन्स्लो या दोन नर्सिंग संशोधकांनी 1998 मध्ये मांडलेली एक चौकट मला फार उपयोगी वाटते. त्यांच्या मते एखादा समाजगट दुर्बल ठरतो तो त्याच्या स्वभावामुळे किंवा सवयींमुळे ठरत नाही. पैसा, शिक्षण, घर, मान आणि आरोग्यसेवा ही साधने त्याच्या वाट्याला कमी येतात, म्हणून तो धोक्याच्या अधिक जवळ जातो, धोका वाढला की आजार वाढतो, आणि आजाराने होती ती साधनेही खर्ची पडतात. इंदूरमध्ये हे चक्र डोळ्यांनी दिसते. आग्रा-मुंबई मार्गावर महिना-महिना घराबाहेर असणारा ट्रकचालक, पीथमपूरच्या कारखान्यांत कंत्राटावर आलेला आणि दहा जणांबरोबर एका खोलीत राहणारा तरुण, झाबुआ-अलीराजपूरहून गुजरातकडे मजुरीला जाणारे आदिवासी कुटुंब, घरातून हाकललेली तृतीयपंथी व्यक्ती, वेश्याव्यवसायातील स्त्री, या सगळ्यांची जोखीम वेगवेगळ्या वाटांनी आलेली असते, पण साधनांची वानवा सारखीच असते.

अशा लोकांवर संशोधन करायचे म्हटले की पहिली अडचण येते ती मोजणीची. भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण सुमारे 0.2 टक्के आहे आणि मध्य प्रदेशात ते राष्ट्रीय सरासरीहूनही कमी आहे. घरोघर जाऊन 1,000 माणसांची यादी केली, तर राष्ट्रीय सरासरीनेही त्यांत फार तर दोघे सापडतील. शिवाय ज्यांना शोधायचे आहे ते यादीत नाव द्यायला तयार नसतात. त्यासाठी डग्लस हेकाथॉर्न या समाजशास्त्रज्ञाने 1997 मध्ये एक पद्धत सुचवली, जी नंतर जगभर एचआयव्हीच्या सर्वेक्षणांत वापरली गेली. आपल्याकडच्या हळदीकुंकवाच्या बोलावण्यासारखीच ती चालते. आधी त्या समाजातील विश्वासाची चार-पाच माणसे निवडायची, प्रत्येकाला मोजकी, बहुधा तीन कुपने द्यायची, आणि त्यांनी ती आपल्या ओळखीच्यांना द्यावीत असे सांगायचे. कुपन घेऊन आलेली व्यक्ती मुलाखत देते आणि आणखी तीन कुपने घेऊन जाते. यात संशोधकाला कोणाचे नाव विचारावे लागत नाही. यायचे की नाही हे ज्याचे तोच ठरवतो.

यातली खरी हुशारी पुढच्या हिशेबात आहे. जिच्या ओळखी फार, तिला हळदीकुंकवाची बोलावणीही फार येतात. चार भिंतींत एकटी राहणारी सुटून जाते. म्हणून प्रत्येकाला विचारले जाते की आपल्यासारख्या किती जणांना आपण ओळखता, आणि ज्याच्या ओळखी जास्त त्याच्या उत्तराला हिशेबात वजन कमी दिले जाते. ओळख कमी असलेल्याचे एक उत्तर अधिक जणांच्या वतीने धरले जाते. कुपनांची संख्या मर्यादित ठेवण्याचे कारणही तेच. नाहीतर एखादा लोकप्रिय माणूस सगळी मोजणी आपल्याच मित्रमंडळींनी भरून टाकील.

विचारण्याची पद्धतसुद्धा उत्तर बदलते. अमेरिकेत किशोरवयीन मुलग्यांच्या एका राष्ट्रीय पाहणीत काही मुलांना छापील प्रश्नावली दिली होती, तर काहींना हेडफोनमधून प्रश्न ऐकून संगणकावर स्वतःच उत्तर नोंदवायला सांगितले होते. पुरुषांशी लैंगिक संबंध आल्याचे कागदावर 1.5 टक्के मुलांनी सांगितले, हेडफोनवर 5.5 टक्क्यांनी. 1998 मध्ये सायन्स या नियतकालिकात हा निष्कर्ष आला. ज्यांना वाचता येत नाही अशा वस्त्यांत तर हेडफोनचा दुहेरी उपयोग होतो, कारण प्रश्न शेजारच्या खोलीत ऐकू जात नाही आणि अक्षरओळखीचीही गरज राहत नाही.

तपासणीचा हिशेबही लोकांना नीट सांगितला पाहिजे असे मला वाटते, कारण पहिल्याच चाचणीने माणसे हादरून जातात. समजा 10,000 प्रौढांची चाचणी केली आणि त्यांपैकी 20 जणांना खरोखर संसर्ग आहे. चाचणी उत्तम असली तरी निरोगी माणसांत हजारी पाच वेळा चुकत असेल, तर उरलेल्या 9,980 जणांपैकी जवळजवळ 50 जणांना ती चुकून संसर्ग दाखवील. म्हणजे पहिल्या चाचणीत अडकलेल्या 70 जणांपैकी 50 निरोगी असतील. म्हणूनच आपल्याकडे लक्षणे नसलेल्या व्यक्तीला एचआयव्ही आहे असे सांगण्याआधी वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणाऱ्या तीन चाचण्या कराव्या लागतात. वस्तीत बोटाला टोचून केलेली तपासणी ही फक्त पहिली चाळणी असते, संसर्गाचे पक्के निदान तपासणी केंद्रातच होते, आणि या दोहोंमधल्या दोन-चार दिवसांत त्या माणसाशी कोण आणि काय बोलते यावर तो केंद्रात येणार की नाही हे बरेचसे ठरते.

आता त्या कागदाकडे परत येते. 'विटाळ' हा शब्द त्या बाईच्या तोंडून सहज आला. संशोधनाच्या भाषेत त्याला कलंक म्हणतात आणि तो मोजता येतो. बार्बरा बर्गर या परिचारिकेने आपल्या सहकाऱ्यांसह 2001 मध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी 40 विधानांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. प्रत्येक विधानाशी आपण कितपत सहमत आहोत हे उत्तर देणाऱ्याने सांगायचे असते. 318 जणांच्या उत्तरांतून कलंकाचे चार धागे वेगळे निघाले: लोकांनी प्रत्यक्ष तोडल्याचा अनुभव, कळले तर काय होईल ही भीती, स्वतःबद्दलची घृणा, आणि समाज आपल्याविषयी काय समजतो याची जाणीव. हे वेगळेपण महत्त्वाचे आहे, कारण दवाखान्यात अपमान झालेल्या माणसाला लागणारी मदत निराळी आणि कोणीही काही न बोलता मनातून स्वतःलाच अस्पृश्य मानणाऱ्याला लागणारी मदत निराळी.

अशी मोजपट्टी आपल्या भाषेत आणणे हे सोपे काम नाही. नियम असा की एकाने भाषांतर करायचे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते पुन्हा मूळ भाषेत आणायचे आणि दोन्ही ताडून पाहायचे. पण दोन्ही भाषांतरे जुळली तरी शब्द बोचू शकतो. संसर्गाविषयी दुसऱ्याला सांगण्यासाठी 'उघड करणे' हा शब्द शब्दकोशाला चालतो, मात्र आमच्या वस्तीतल्या बायकांना तो ऐकून चोरी उघडकीला आल्यासारखे वाटले. "घरच्यांच्या कानावर घातले आहे का?" असे विचारल्यावर त्या बोलू लागल्या. मालवी आणि भिली बोलणाऱ्यांसाठी हाच शोध पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागतो.

मोजल्यावर पुढे काय करायचे, याचीही उत्तरे परिचारिकांनी तपासून पाहिली आहेत. नर्सिंगच्या प्राध्यापक लोरेटा जेमॉट यांनी न्यू जर्सीतील एका स्त्रीरोग दवाखान्यात 564 कृष्णवर्णीय स्त्रियांवर केलेला अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. काही स्त्रियांना परिचारिकेने नुसती माहिती दिली. काहींना निरोध कसा वापरायचा आणि जोडीदाराला तो वापरायला कसे राजी करायचे, याचा प्रत्यक्ष सराव करून घेतला. एकेकीबरोबर केलेला सराव जेमतेम 20 मिनिटांचा होता. 3 आणि 6 महिन्यांनी दोन्ही गटांत फरक दिसला नाही, पण 12 महिन्यांनी सराव केलेल्या स्त्रियांमध्ये असुरक्षित संबंध कमी झाले होते आणि लैंगिक आजारही कमी आढळले. मला यातले वर्षभराचे थांबणे मोलाचे वाटते. सहा महिन्यांतच गाशा गुंडाळला असता तर ही पद्धत निरुपयोगी ठरली असती.

आपल्या देशातले उदाहरण अधिक जवळचे आहे. ॲडेलीन न्यामथी या नर्सिंगच्या प्राध्यापकांनी आंध्र प्रदेशच्या ग्रामीण भागात एड्ससह जगणाऱ्या 68 स्त्रियांच्या प्राथमिक अभ्यासात आशा कार्यकर्तींना प्रशिक्षण देऊन घरोघर पाठवले. त्या औषधांची चौकशी करत, दवाखान्यात जाण्याच्या अडचणी सोडवत, आणि या गटातल्या स्त्रियांना दरमहा उडीद आणि तुरीची डाळ दिली जाई. सहा महिन्यांनी त्यांच्यातले नैराश्य कमी झालेले आणि औषध घेण्यातले सातत्य वाढलेले दिसले. डाळ आणि नैराश्य यांचा संबंध ज्याला विचित्र वाटेल, त्याने रिकाम्या पोटी रोज औषध घेणाऱ्या बाईशी एकदा बोलावे.

कलंकाचा एक भाग आमच्याच व्यवसायात आहे, हे लिहिताना मला त्रास होतो. एका दवाखान्यात बाधित रुग्णाच्या खाटेला वेगळ्या रंगाचा कागद लावलेला मी स्वतः पाहिला आहे. संसर्गित सुई टोचल्यास लागण होण्याची शक्यता हजारी सुमारे तीन असते आणि 72 तासांच्या आत औषध सुरू करून 28 दिवस घेतल्यास ती आणखी घटते. हे ठाऊक असूनही हात मागे घेतला जातो. 2018 मध्ये लागू झालेल्या एचआयव्ही आणि एड्स कायद्याने असा भेदभाव आणि संमतीशिवाय माहिती सांगणे या दोन्ही गोष्टींना मनाई केली आहे. बंगळूरमध्ये नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी एक छोटा प्रशिक्षण कार्यक्रम आखला गेला, ज्यात एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती स्वतः त्यांच्यासमोर येऊन बोलली. त्यानंतर त्यांच्या मनातले गैरसमज कमी झाल्याचे 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

आमच्या महाविद्यालयात पिशवीची शिस्त तशीच आहे, कारण जंतूंचे शास्त्र बदललेले नाही. बदल एवढाच केला की कागद काढण्याआधी विद्यार्थिनीने त्याचे कारण बोलून दाखवायचे आणि पिशवी कुठे ठेवू, असे घरातल्या बाईलाच विचारायचे. बहुतेक घरांत मग बाई स्वतःच कोपरा पुसून देते, कधी स्वतःकडचा कागद आणून अंथरते. देवास नाक्यापलीकडच्या त्या घरी आम्ही नंतर तीनदा गेलो. तिसऱ्या खेपेस तिथे दुसरेच कुटुंब राहायला आले होते, आणि ती बाई कुठे गेली हे शेजाऱ्यांनाही सांगता आले नाही.