धूर कोणाचा, भुर्दंड कोणाला?

जास्त धूर ओकणारी गाडी शहरात आणायची असेल, तर मालकाने त्याचे पैसे मोजावेत, ही कल्पना ऐकायला सरळ वाटते. अमलात आली की मात्र तिच्यावरून मोर्चे निघतात आणि दावे दाखल होतात. लंडनने एप्रिल २०१९ मध्ये शहराच्या मध्यभागी अतिअल्प उत्सर्जन क्षेत्र सुरू केले, ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याची हद्द वाढवली आणि २९ ऑगस्ट २०२३ पासून ते शहराच्या सर्व विभागांना लागू केले. मानकात न बसणारी मोटार या क्षेत्रात चालवली, तर दिवसाला साडेबारा पौंड भरावे लागतात. शेवटच्या विस्ताराविरुद्ध पाच स्थानिक परिषदांनी केलेला दावा उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये फेटाळला, पण त्याच महिन्यातल्या एका पोटनिवडणुकीत प्रचार जवळजवळ याच एका विषयावर लढला गेला. शुल्क कायदेशीर आहे हे न्यायालयाने सांगितले. ते न्याय्य आहे का, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे बरेचसे उत्तर विज्ञानाने केलेल्या मोजमापात दडलेले आहे.

या शुल्कामागचा विचार ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये मांडला. एखाद्याच्या व्यवहाराची झळ तिऱ्हाईताला बसते आणि ती त्या व्यवहाराच्या किमतीत कुठेच दिसत नाही, तेव्हा त्या झळीइतका कर लावावा, असे त्यांचे म्हणणे होते. गाडीच्या बाबतीत ही झळ कोणाला बसते, हे आता पुष्कळ नेमकेपणाने सांगता येते. धुरातील नायट्रोजन डायऑक्साइडचे प्रमाण रस्त्याच्या कडेला सर्वाधिक असते आणि काही शे मीटर आत गेले की ते झपाट्याने घटून शहराच्या सर्वसाधारण पातळीवर येते. वर्दळीच्या रस्त्याला लागून असलेल्या घरांत सहसा अशी कुटुंबे राहतात ज्यांना दुसरीकडे घर परवडत नाही आणि ज्यांच्यापैकी अनेकांकडे स्वतःची गाडीही नसते. लंडनच्या दक्षिण वर्तुळाकार मार्गाजवळ राहणाऱ्या एका नऊ वर्षांच्या मुलीचा २०१३ मध्ये दम्याने मृत्यू झाला. डिसेंबर २०२० मध्ये मृत्युचौकशी अधिकाऱ्याने त्या मृत्यूच्या कारणांत वायुप्रदूषणाची नोंद केली. शुल्क आकारले नाही म्हणजे कोणावरच बोजा पडला नाही, असे समजणे म्हणूनच चुकीचे आहे. बोजा आधीपासून पडतच असतो, फक्त त्याची पावती फाडली जात नाही.

तत्त्व मान्य केले तरी कोणती गाडी किती घाण करते हे ठरवायचे कसे, हा पेच उरतोच. लंडनने युरोपीय मानकांचा आधार घेतला, ज्यांत आकडा जितका मोठा तितके मानक नवे आणि कडक: पेट्रोलवरच्या मोटारीला किमान युरो ४ आणि डिझेलवरच्या मोटारीला युरो ६. वरवर पाहता हा डिझेलवाल्यांशी दुजाभाव वाटतो, परंतु नायट्रोजन ऑक्साइडांच्या (नायट्रोजन डायऑक्साइड हा त्यांतलाच एक) बाबतीत या दोन्ही मानकांची मर्यादा एकच आहे, किलोमीटरमागे ८० मिलिग्रॅम. युरो ५ डिझेल मोटारीला १८० मिलिग्रॅमची मुभा होती. कागदावर हिशेब चोख आहे.

अडचण अशी की ही मर्यादा बराच काळ प्रयोगशाळेतील रोलरवर, ठरावीक वेगाच्या ठरावीक क्रमाने गाडी चालवून तपासली जात असे. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगनवर ठपका ठेवला. चाचणी चालू असल्याचे ओळखून तेवढ्यापुरतेच प्रदूषण-नियंत्रण पूर्ण क्षमतेने चालवणारी आज्ञावली कंपनीने गाड्यांत बसवली होती, आणि रस्त्यावर याच गाड्या तिथल्या मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत नायट्रोजन ऑक्साइड सोडत होत्या. अशी लबाडी न करणाऱ्या सुरुवातीच्या अनेक युरो ६ डिझेल गाड्याही रस्त्यावर मर्यादेच्या कित्येक पट पुढे गेलेल्या आढळल्या. प्रत्यक्ष रस्त्यावरील चाचणी युरोपात नव्या मॉडेलांना सक्तीची झाली ती सप्टेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या युरो ६ गाडीचा मालक आज लंडनमध्ये एक पैसाही न भरता फिरतो, तर तिच्याहून फारसा जास्त धूर न सोडणाऱ्या एखाद्या युरो ५ गाडीचा मालक रोज साडेबारा पौंड भरतो. शिवाय चाळीस वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक म्हणून नोंदलेल्या गाड्यांना सूट आहे. त्या क्वचितच बाहेर पडतात हे खरे, पण ज्याची जुनी गाडी हौसेची आहे तो सुटतो आणि ज्याची गरजेची आहे तो सापडतो, हे पटवून देणे अवघड आहे.

गाडीच्या धुराला स्वतःलाच विचारण्याची सोय नाही असे नव्हे. डेन्व्हर विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ डोनाल्ड स्टेडमन यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यासाठी एक उपकरण तयार केले. रस्त्याच्या एका बाजूने अवरक्त किरणांचा झोत सोडायचा, दुसऱ्या बाजूला तो पकडायचा, आणि मधून गाडी गेल्यावर तिच्या मागे रेंगाळलेल्या धुराने कोणत्या तरंगलांबीचे किती किरण शोषले ते पाहायचे. खरी हुशारी पुढेच आहे. झोतात किती धूर सापडला, तो वाऱ्याने किती पांगला, हे कधीच ठाऊक नसते. म्हणून कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइडशी असलेले गुणोत्तर घ्यायचे, कारण धूर पांगला तरी दोन्ही वायू सारखेच विरळ होतात आणि गुणोत्तर तसेच राहते. त्यावरून एक किलो इंधनामागे किती विषारी वायू बाहेर पडला, याचा हिशेब लागतो. या मापनांतून असे दिसले की साधारण दहा टक्के गाड्या मिळून अर्ध्याहून अधिक कार्बन मोनॉक्साइड सोडतात, आणि त्या सगळ्याच जुन्या नसतात; निगा न राखलेली त्यामानाने नवी गाडीही त्यांत सापडते. शुल्काचा रोख या गाड्यांवर हवा, आणि नेमके हेच मानकाच्या शिक्क्यावरून कळत नाही.

दिवसाला एकच दर लावण्यातही असाच ढोबळपणा आहे. दोन किलोमीटर जाणारा आणि दिवसभर शहर पालथे घालणारा सारखेच भरतात. अर्थात अंतरावरून सरळ हिशेब करणेही पूर्णपणे बरोबर ठरत नाही, कारण धूर निवळणारा उत्प्रेरक सुमारे तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही आणि थंड इंजिनाच्या छोट्या फेरीत दर किलोमीटरला प्रदूषण जास्त होते.

माझ्या मते सर्वांत मोठा अन्याय मात्र मोजमापातला नाही, तो आधीच्या धोरणातला आहे. ब्रिटनने मार्च २००१ पासून वाहनकर कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनाशी जोडला. डिझेल गाडी तो कमी सोडते, म्हणून तिच्यावरचा कर हलका झाला आणि नव्या मोटारींतील डिझेलचा वाटा दहा-बारा वर्षांत पाचव्या हिश्शाहून कमी होता तो निम्म्यावर गेला. सरकारने सुचवलेली, कंपनीने स्वच्छ म्हणून विकलेली गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हाताने घेणाऱ्या माणसाच्या दारात शेवटी दंडाची नोटीस येते. प्रदूषण करणाऱ्याने भरपाई करावी हे ठीक, पण प्रदूषण करणारा म्हणजे केवळ चाकामागे बसलेला माणूस नव्हे. जुनी मोटार मोडीत काढण्यासाठी लंडनने दोन हजार पौंडांचे साहाय्य ठेवले, पण मर्यादित गटांपुरते असलेले ते सर्व रहिवाशांना खुले झाले ते ऑगस्ट २०२३ मध्ये, म्हणजे विस्तार ऐन तोंडावर आल्यावर. स्टॉकहोमचे शुल्क धुरावर नसून गर्दीवर होते, तरी तिथला क्रम शिकण्यासारखा आहे: जानेवारी २००६ मध्ये प्रायोगिक आकारणी सुरू होण्याच्या काही महिने आधीच जादा बस रस्त्यावर आल्या होत्या. हद्द ओलांडणारी वाहतूक सुमारे वीस टक्क्यांनी घटली, आणि त्याच वर्षीच्या सार्वमतात शहराने शुल्काच्या बाजूने कौल दिला.

असे शुल्क हवा खरोखर सुधारते का, हे सिद्ध करणे वाटते तितके सोपे नाही, कारण वारा आणि पाऊस आकडे रोज हलवतात. मिलानमध्ये योगायोगाने एक प्रयोगच घडून आला. २०१२ च्या उन्हाळ्यात न्यायालयाच्या आदेशाने तिथले शुल्क सुमारे आठ आठवडे स्थगित झाले, त्या काळात मध्यवर्ती भागातील वाहतूक लगेच वाढली आणि आकारणी पुन्हा सुरू होताच ती उतरली. मिलानची त्याआधीची गोष्टही बोलकी आहे. २००८ मध्ये तिथे गाडीच्या प्रदूषण-वर्गानुसार शुल्क सुरू झाले, लोकांनी गाड्या बदलल्या, भरणारे कमी झाले आणि रस्ते पुन्हा तुंबू लागले. त्यामुळे २०१२ पासून शहराने जवळजवळ सर्वच मोटारींना एकसारखे गर्दी-शुल्क लावले. धुरावरचे शुल्क यशस्वी झाले की स्वतःचेच उत्पन्न संपवते, आणि पुढचा वाद स्वच्छ गाडीवाल्यांशी सुरू होतो. विद्युत गाडीला धुराची नळी नसली तरी तिचे टायर झिजतात, आणि बॅटरीच्या वजनामुळे बहुधा जास्तच झिजतात. २०२४ मध्ये संमत झालेल्या युरो ७ नियमांनी ब्रेकमधून निघणाऱ्या कणांवर प्रथमच मर्यादा घातली आहे, आणि ती विद्युत गाड्यांसाठीही आहे.